नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे: गोथलँडला उतरा, ग्रोमाँटपर्यंत चाला

उत्तर इंग्लंडमधल्या पिकरिंग ते ग्रोमाँट या १८ मैलांच्या मार्गावर वाफेच्या इंजिनाची गाडी धावते. गाडीत बसून न्यूटन डेलची दरी सुरेख दिसते, पण मूरवरची, म्हणजे उंचावरच्या मोकळ्या माळरानावरची, गावं खिडकीतून कळत नाहीत. म्हणून तिकीट ग्रोमाँटपर्यंतचं काढा, गोथलँडला उतरा आणि पुढचे साडेतीन मैल रुळांच्या जुन्या वाटेने चाला. याच दिशेने चाला, म्हणजे वाट उताराची लागते.

ही वाट १८३६ ची, रेल्वे अभियंता जॉर्ज स्टीफन्सनने आखलेली. सुरुवातीला डबे घोडे ओढत. वाटेतल्या बेक होल गावाजवळच्या तीव्र चढावर मात्र घोड्यांचं काही चालत नसे. तिथे डबे दोराने वर घेत आणि पाण्याने भरलेली टाकी खाली सोडून तिच्या वजनाचा उपयोग करत. पुढे या कामाला एका जागी बसवलेलं वाफेचं इंजिन आलं. १८६४ मध्ये दोर तुटून दोघं दगावले. १८६५ पासून गाड्या वळसा घेऊन नव्या मार्गाने जाऊ लागल्या. आजची गाडीही तिथूनच जाते. तिथेही ४९ फुटांमागे १ फूट चढ आहे, आणि ग्रोमाँटहून वर येणाऱ्या इंजिनाची धाप चालताना ऐकू येते.

शेजारशेजारची ही गावं स्वभावाने अगदी वेगळी आहेत. गोथलँड ऐसपैस: घरं दूरदूर, मध्ये गवताळ मोकळी जागा, त्यावर मेंढ्यांचा राबता. बेक होल म्हणजे ओढ्याकाठची मोजकी घरं. लोखंडी कडी खुंटीवर फेकायचा खेळ तिथे अजून जिवंत आहे. ग्रोमाँट कामकऱ्यांचं गाव. रेल्वेसाठी खोदताना लोहखनिज सापडलं, मग खाणी आणि भट्ट्या आल्या. वाटेतली एस्क व्हॅलीची घरांची रांग खाणकामगारांचीच. घोड्यांच्या काळातला अरुंद बोगदा आता पादचाऱ्यांसाठी आहे. त्यातून थेट इंजिनांच्या शेडकडे जाता येतं. तो चुकवू नका.

काही अडचणी आहेत. याच मार्गावरचं लेव्हिशॅम स्टेशन दरीत आणि गाव वर, दमवणाऱ्या चढावर, त्यामुळे 'स्टेशनजवळचं गाव' समजून तिथे उतरू नका. कोरड्या उन्हाळ्यात ठिणग्यांनी हेदर (मूरवरचं फुलणारं झुडूप) पेटण्याचा धोका असतो, म्हणून वाफेऐवजी डिझेल इंजिन लावतात. वाफेसाठीच जाणार असाल तर त्या दिवशीची सूचना सकाळी पाहून निघा. हिवाळ्यात गाड्या फार कमी असतात. हेदर ऑगस्टमध्ये फुलतं, तेव्हा गर्दीही असते. जागा आधीच राखून ठेवा.