कौन्सिलची फॉस्टरिंग सेवा: आमचा अनुभव (पाचपैकी साडेतीन तारे)

मंडळाच्या गणपतीत हमखास कुणीतरी विचारतं, "तुम्ही ते परक्यांची मुलं सांभाळता म्हणे, कसं असतं ते?" हातात प्रसादाचा द्रोण धरून उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे लिहिते. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेचं, नाव घेणार नाही. लंडनमधली एक बरो (महानगराचा एक विभाग), एवढं पुरे. मुलाची ओळख पटेल असं काही लिहायची मला मुभा नाही, आणि ते योग्यच आहे.

हे दत्तक नव्हे. मुलाची जबाबदारी कौन्सिलची असते, आपण त्याला घर देतो. आईवडिलांचं बस्तान बसलं तर मूल परत जातं. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या देखरेखीखाली 80,000 हून जास्त मुलं आहेत, त्यांतली दोन तृतीयांश अशा घरांत राहतात. घरं पुरत नाहीत, म्हणून बसच्या पाठीवर, दिवाळीच्या मेळ्यात, सगळीकडे जाहिराती: 'साउथ एशियन कुटुंबं हवीत'. आम्ही काही जाहिरात बघून गेलो नाही. शेजारीण करत होती, तिचं घर रोज दिसत होतं, म्हणून गेलो.

सुरुवातीला एका खाजगी एजन्सीला फोन केला होता. पाच मिनिटांत आठवड्याचे पौंड सांगून झाले. कुठल्या वयाचं मूल जमेल, घरात कोण कोण असतं, हे विचारलंच नाही. एजन्सी पैसे जास्त देते, हे खरं. पण कौन्सिल आधी आपल्या यादीतली घरं बघते आणि मग एजन्सीकडे जाते, त्यामुळे आपल्याच भागातलं, शाळा न बदलता आपल्याकडे राहायला येईल असं मूल मिळण्याची शक्यता कौन्सिलकडे जास्त. आम्ही तिकडे वळलो.

तपासणी मात्र अंगावर येते. जास्तीची खोली, पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा रिपोर्ट हे सगळं अपेक्षित असतं. सोशल वर्कर येऊन सोफ्यावर बसते आणि लहानपणी तुम्हाला कोण मारायचं, नवराबायकोत भांडण झालं की आधी कोण बोलतं, हे विचारते. ह्यांना ते फार जड गेलं. साताऱ्याच्या नणंदेला व्हिडिओ कॉलवर गाठून आमची चौकशी झाली. तिने दुभाष्याला ठणकावून सांगितलं, "माझी वहिनी कडक आहे, पण पोरं उपाशी राहायची नाहीत." ते वाक्य अहवालात जसंच्या तसं उतरलंय. शेवटी मंजुरी ठरवणाऱ्या पॅनेलसमोर बसावं लागतं. पॅनेल बरं होतं, चहासुद्धा मिळाला.

आता खरी गोष्ट, म्हणजे जोडी जुळवण्याची. 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये मुलाचा धर्म, वंश, भाषा, संस्कृती यांचा विचार करा असं सांगितलंय. कागदावर त्याचं रूपांतर 'एशियन' नावाच्या एका चौकोनात होतं. आमचा पहिला फोन शुक्रवारी संध्याकाळी आला (असे फोन शुक्रवारीच येतात): सिल्हेटी (बांगलादेशातली, बंगालीच्या जवळची भाषा) बोलणारी लहान मुलगी, 'तुमच्याच संस्कृतीची'. मी विचारलं, आमच्यापैकी कुणाला बंगाली येतं असं कुठे लिहिलंय का? दुसऱ्या बाजूला शांतता. मी नाही म्हटलं. त्यांनी गळ घातली नाही आणि नंतर आमचं नाव मागे टाकलं नाही, याचे गुण मी पूर्ण देते.

दुसऱ्या वेळी जुळणीचं काम दुसऱ्या बाईंकडे होतं आणि फरक लगेच जाणवला. एकटाच इथे पोचलेला अफगाण मुलगा, वय 15. त्यांनी आमच्या अहवालातून भलत्याच गोष्टी हेरल्या होत्या. ह्यांची बस डेपोतली पहाटेची शिफ्ट, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात दिवा लवकर लागतो. मुलगा फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजाला उठणारा. आम्हाला हिंदी येतं, त्याला मोडकंतोडकं उर्दू. घरात चिकन होतं पण गोमांस शिजत नाही, हे चालेल का, असं त्यांनी आम्हाला विचारलं आणि त्यालाही विचारलं. हलाल चिकन कुठून आणणार, मशीद चालत किती लांब, घरात देव आहेत ते त्याला आधी सांगू का? आमचा आणि त्याचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, आणि तरी ही जोडी जमली. रमजानमध्ये मी सहरीला (रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला) थालीपीठ लावायचे, तो त्यावर साखर घालून खायचा. असो.

माणसं मिळवण्यावर कौन्सिल जेवढा खर्च करते, तेवढा टिकवण्यावर करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांत आमच्या वाट्याच्या सोशल वर्कर सारख्या बदलत गेल्या. प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून सांगा. रात्रीच्या फोननंबरवर जो माणूस येतो त्याला मुलाचं नावही ठाऊक नसतं. होम ऑफिसच्या (इथल्या गृहखात्याच्या) मुलाखतीच्या आदल्या रात्री पोरगं ओकत होतं, तेव्हा मला तिकडून ऐकायला मिळालं, "सोमवारी टीमशी बोला." शाळेच्या सहलीच्या सहीसाठी ईमेल, केस कापायचे तरी ईमेल. कुठल्या गोष्टी आम्ही स्वतः ठरवायच्या ते पहिल्याच बैठकीत लिहून घ्या, नाहीतर केस वाढत राहतात.

आम्ही टिकलो ते 'मॉकिंगबर्ड' नावाच्या योजनेमुळे. कल्पना अमेरिकेतली, ब्रिटनमध्ये 2015 पासून चालते, आमच्या कौन्सिलने घेतली हे आमचं नशीब. सहा ते दहा फॉस्टर घरांचा एक गट, मधोमध एक अनुभवी 'हब' घर. आमच्या हबमध्ये निवृत्त नर्स आहेत, मूळच्या जमैकाच्या. त्यांच्याकडे जास्तीचे पलंग कायम तयार. महिन्यातून एकदा सगळी मुलं तिथे जेवतात. सासूबाईंच्या ऑपरेशनला आम्हाला भारतात जावं लागलं तेव्हा मुलगा त्यांच्याकडे राहिला. ओळखीचं घर, ओळखीचा सोफा, त्याला 'आपल्याला पुन्हा कुठेतरी पाठवतायत' असं वाटलं नाही. मला तर रात्री अकराला फोन करता येतो आणि पलीकडच्या बाईला सगळं माहीत असतं. ज्या कौन्सिलकडे हे नाही, तिथे अर्ज करण्याआधी मी दोनदा विचार करेन.

पैशांबद्दल दबक्या आवाजात विचारणाऱ्यांसाठी: मुलाच्या खर्चाचा भत्ता मिळतो, वर मानधन. एप्रिल 2023 पासून करसवलत वाढली. तेव्हा घरटी वर्षाला 18,140 पौंड आणि शिवाय दर मुलामागे आठवड्याची ठरावीक रक्कम करमुक्त झाली. आम्हाला त्यावर एक पैसा कर भरावा लागलेला नाही. श्रीमंत मात्र कुणी होत नाही.

एक तारा रात्रीच्या फोनसाठी कापला. उरलेला अर्धा कशासाठी, तेही सांगते. मुलगा 18 चा झाला की 'स्टेइंग पुट'खाली 21 पर्यंत आमच्याकडेच राहू शकतो, 2014 च्या कायद्याने. त्याला राहायचंय, आम्हाला ठेवायचंय. पण त्या व्यवस्थेत मिळणारी रक्कम बरीच कमी होते, आणि त्याचे कागद वाढदिवस पंधरवड्यावर आला तेव्हा सुरू झाले. तोवर तो रोज विचारत होता, माझी खोली दुसऱ्या कुणाला देणार का. आता सह्या झाल्यात. खोली त्याचीच आहे, आणि कौन्सिलने आम्हाला आणखी एक मूल घ्याल का म्हणून विचारलंय. जुळणीवाल्या त्याच बाई असतील तर घेऊ, असं मी लेखी कळवलंय.