फॉर्मचा डेटा पाठवताना: जेसॉन की मल्टिपार्ट?

वेब फॉर्ममध्ये फाइल असेल तर मल्टिपार्टच (प्रत्येक फील्ड वेगळ्या भागात पाठवणारा प्रकार) घ्या. जेसॉन म्हणजे मजकुराच्या रूपात लिहिलेला डेटा; त्यात फाइल घालायची तर ती बेस६४ करावी, म्हणजे साध्या अक्षरांत बदलावी लागते आणि आकार साधारण ३३ टक्क्यांनी फुगतो. एक्सप्रेस या सर्व्हर फ्रेमवर्कच्या जेसॉन पार्सरची (आलेला डेटा वाचणाऱ्या भागाची) मर्यादा मुळात १०० केबी, त्यामुळे मोबाइलवर काढलेला फोटो ४१३ (डेटा फार मोठा) एरर घेऊन परत येतो.

मल्टिपार्टमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे फेचमध्ये (ब्राउझरमधून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये) डेटाचा प्रकार सांगणारा कंटेंट-टाइप हेडर हाताने लिहिणे. ब्राउझर त्या हेडरमध्ये बाउंड्री जोडतो, म्हणजे दोन फील्ड वेगळी करणारी खूण. हेडर तुम्ही लिहिलात की ती जोडली जात नाही आणि एक फील्ड कुठे संपले हे सर्व्हरला कळत नाही. फॉर्मची फील्ड साठवणारा फॉर्मडेटा ऑब्जेक्ट तसाच रिक्वेस्टच्या बॉडीत द्या, हेडरला हात लावू नका. सर्व्हरवर मल्टरसारखा मल्टिपार्ट वाचणारा पार्सर मात्र हवा.

नुसता मजकूर आणि आकडे असतील, विशेषतः एकात एक गुंतलेली माहिती असेल, तर जेसॉनच बरा. नंबरमध्ये बदललेला १८ तिथे नंबरच राहतो. मल्टिपार्टमध्ये त्याची स्ट्रिंग होते. फॉर्मडेटावरून जेसॉन बनवताना ऑब्जेक्ट.फ्रॉमएन्ट्रीज वापरलेत, तर एकाच नावाच्या टिक केलेल्या चेकबॉक्सपैकी शेवटचाच उरतो. तिथे त्या नावाच्या सगळ्या किमती देणारे गेटऑल वापरा. दुसऱ्या डोमेनवर जेसॉन पाठवताना ब्राउझर आधी परवानगी विचारणारी ऑप्शन्स रिक्वेस्ट पाठवतो. सर्व्हरने तिला परवानगी दिली नाही, तर डेटा नेणारी पोस्ट रिक्वेस्ट निघतच नाही.