उघड्या पत्र्याचे पैसे घेतले, गंज मात्र आतच ठेवला

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात आमची शेती आहे आणि तिच्या कामासाठी आम्ही २०११ सालची एक मारुती ओम्नी व्हॅन वापरतो. खरिपाच्या तोंडावर तिच्यातून खताच्या पिशव्या येतात, त्यांपैकी एखादी फाटकी निघतेच. म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड असते, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. सांडलेले खत चटईखाली दमट राहिले की पत्रा झपाट्याने सडतो. आमच्या गाडीची खालची फरशी, सरकत्या दरवाज्याची खालची कड आणि मागच्या चाकांवरचा पत्रा याच कारणाने फुगला होता.

मे २०२३ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या एका गॅरेजवाल्याशी बोलणी झाली. जुना रंग काढून पत्रा पूर्ण उघडा करायचा, गंज घासून आणि औषध लावून मारायचा, त्यावर दोन डब्यांतले घटक कालवून होणारा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा गंजरोधक थर, मारायचा आणि मग पुट्टी व रंग, असे हे काम ३८,००० रुपयांत ठरले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. तो म्हणाला, "गुरुजी, ही गाडी मी आपली समजूनच करतो." या शब्दावर मी २२,००० रुपये आगाऊ दिले आणि कच्च्या कागदावर "डेंटिंग-पेंटिंग पूर्ण" एवढेच लिहिलेली पावती खिशात घातली. त्या कागदावर प्रायमरचा किंवा गंजाच्या औषधाचा उल्लेख नव्हता, आणि तो लिहून घेण्याची बुद्धी मला झाली नाही.

पेरणीपूर्व कामांमुळे मला गॅरेजवर जाता आले नाही. त्याने फोनवर चकचकीत उघड्या पत्र्याची तीन छायाचित्रे पाठवली आणि मी समाधान मानले. मृग लागण्याआधी गाडी घरी आली तेव्हा ती आरशासारखी दिसत होती. उरलेली रक्कम मी त्याच दिवशी दिली.

पोळ्याच्या सुमारास, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत, दरवाज्याच्या कडेला हरभऱ्याएवढे फोड आले. नखाने दाबले तर आतून तांबूस पाणी निघाले. यवतमाळच्या एका जुन्या डेंटरकडे गाडी नेली. त्याने आधी चुंबक फिरवले. कडेच्या पट्ट्यावर ते चिकटेना, कारण तिथे पुट्टीचा बोटभर जाड थर होता. मग त्याने पटाशीने तो थर उचलला. रंग, पुट्टी, तिच्याखाली वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा आणि त्याच्याखाली खपल्या सुटलेला जुना गंज असा तो ढीग होता. "गुरुजी, या पत्र्याले कोनं हातच नाही लावला," एवढेच तो म्हणाला. घरी येऊन मी ती छायाचित्रे पुन्हा पाहिली, तेव्हा त्यांतल्या पत्र्यावर शोभेच्या पट्टीची बारीक छिद्रे ओळीने दिसली. आमच्या गाडीला तशी पट्टी कधी नव्हतीच. ती छायाचित्रे दुसऱ्याच गाडीची होती.

या फसवणुकीचे मूळ असे आहे की ज्या कामाचे सर्वाधिक पैसे आपण देतो, ते एक-दोन दिवसच डोळ्यांना दिसते आणि नंतर कायमचे रंगाखाली जाते. ग्राइंडर आणि वायर ब्रशने सुट्या खपल्या काढल्यावर खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे औषध लावतात. त्याने गंजाचे लोहफॉस्फेट होते आणि पत्रा काळसर राखाडी दिसू लागतो. जाड खपल्यांवर मात्र हे औषध नुसते ओतून काही होत नाही, ते वरवरच काम करते. डब्यावरील सूचनेप्रमाणे उरलेले आम्ल धुऊन पत्रा पूर्ण कोरडा न केल्यास वरचा इपॉक्सी नीट धरत नाही. साफ पत्र्याला उघड्या हाताने शिवूही नये, कारण घामातल्या क्षारांमुळे पुन्हा गंज धरतो, आणि दमट हवेत तर काही तासांतच त्यावर पिवळसर झाक येते. म्हणून प्रायमर त्याच दिवशी बसला पाहिजे. पुट्टी पाणी शोषते, गंजावर थापली की ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खात राहते.

आणखी एक गोष्ट मला सर्वाधिक लागली. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी कारखान्यातूनच छिद्रे असतात. या माणसाने तीही पुट्टीने बुजवली होती, त्यामुळे पावसाचे पाणी दरवाज्यात साचून राहिले. निष्काळजीपणा म्हणून मी हे सोडून देऊ शकत नाही, कारण पुट्टी थापताना त्याला ती छिद्रे दिसत होती.

गॅरेजवाल्याने पैसे परत करण्यास नकार दिला आणि "खताच्या गाडीची हमी कोण देणार" असे सांगितले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही. माझ्याकडे पावतीवरचे ते दोनच शब्द आणि डेंटरने पटाशी लावताना काढलेली छायाचित्रे एवढाच पुरावा आहे. पावतीवर प्रायमरचे नाव आणि थरांची संख्या असती, आणि दुसरा हप्ता उघडा पत्रा स्वतः पाहूनच द्यायचा असे ठरले असते, तर माझी बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

यवतमाळच्या डेंटरने सडलेला पत्रा कापून नवा जोडला, इपॉक्सी माझ्यासमोर कालवला आणि दरवाज्याच्या पोकळीत मेणाचा फवारा मारला. या कामाला ३१,००० रुपये लागले. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी अंगणात वाकून पाहिले, तेव्हा दरवाज्याच्या तळच्या तिन्ही छिद्रांतून पाणी टपकत होते.