'रस्ट इन पीस': १९९० चा की २००४ चा?

मेगाडेथ या मेटल बँडच्या 'रस्ट इन पीस' या अल्बमची याहून जास्त ओळख करून देत बसत नाही. प्रश्न एवढाच, की कोणता घ्यायचा? २००४ च्या आवृत्तीला सगळे सरसकट रीमास्टर, म्हणजे तयार मिक्सचाच आवाज सुधारलेला, असं म्हणतात, पण बँडचा गायक-गिटारवादक मस्टेनने तेव्हा मूळ टेपा उघडून अख्खा अल्बम नव्याने मिक्स केला, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज पुन्हा जुळवला. मिक्सिंग करणाऱ्या मॅक्स नॉर्मनचं १९९० चं मिक्स त्यात उरलेलं नाही.

आधी नव्याच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू लंगडी नाही. बेसवादक एलेफसनचा बेस घ्या. जुन्यात 'डॉन पेट्रोल' हे गाणं सोडलं तर तो शोधावा लागतो. नव्यात तार थरथरलेली कळते. गिटार जाड झालीय, ड्रम पुढे आलेत आणि एकूणच सगळं मोठ्याने वाजतं. नागपुरात मे महिन्यात याला फार किंमत आहे. खिडकीत कूलर घरघरत असताना जुनी सीडी लावा, 'होली वॉर्स'मधला दुसरा गिटारवादक फ्रीडमनचा अकूस्टिक तुकडा त्यात बुडून जातो. नव्यात तो छान ऐकू येतो, कारण जवळपास बाकीच्या गाण्याइतकाच मोठा आहे. जानेवारीत शांत घरात मात्र मला हेच खटकतं. वादळाआधी हवा पडते ना, ती इथे पडतच नाही.

तरी माझा निकाल यावर लागला नाही. तो लागला 'टेक नो प्रिझनर्स' या गाण्यावर.

रीमिक्सच्या वेळी गायनाचे काही मूळ ट्रॅक सापडले नाहीत, म्हणून मस्टेनने ते भाग १४ वर्षांनी पुन्हा गायले. 'फाइव्ह मॅजिक्स'ही त्यातलंच. मूळ 'टेक नो प्रिझनर्स'मध्ये तो शब्द चावून थुंकतो. आता याचा दम संपणार असं वाटतं, तेवढ्यात पुढची ओळ अंगावर येते. नव्यात प्रत्येक शब्द जागच्या जागी, नीट. नीट आहे, हीच माझी तक्रार. आधी काही ऐकलंच नसेल त्याला कदाचित फरक कळणारही नाही. पण माझ्या डोक्यात बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणलेल्या कॅसेटपासूनचा जुना आवाज बसलाय. जिथे तो भुंकायला हवा तिथे मी आधीच भुंकतो आणि स्पीकर मागे राहतो. घरचे हसतात, ते वेगळंच.

'हँगर १८' दोन्हीकडे तितकंच भारी. मस्टेन आणि फ्रीडमनची ती सोलोंची जुगलबंदी कुठल्याच मिक्सने बिघडेल असं वाटत नाही.

तेव्हा पहिल्यांदाच ऐकणार असाल, तेही हेडफोन लावून बर्डी ते खापरी मेट्रोत, तर २००४ ने काही अडत नाही. उलट त्यात जोडलेले डेमो, म्हणजे आधीची कच्ची रेकॉर्डिंग, एकदा ऐकाच. फ्रीडमन यायच्या आधी बँडचा जुना गिटारवादक क्रिस पोलंडची गिटार या गाण्यांवर कशी वाजत होती ते कळतं. पण १९९० ची सीडी कुठे हाती लागली, थोडी खरचटलेली का असेना, तर राजेहो, भाव करत बसू नका. मागची यादी तेवढी वाचा. मूळ अल्बम ९ गाण्यांचा आहे, 'रस्ट इन पीस... पोलारिस'वर संपतो. खाली 'माय क्रिएशन' दिसलं, की ती २००४ ची.