ऑफिसमधलं कॅन्सर स्क्रीनिंग: टेस्ट बऱ्या, पण मिळतात कोणाला?

आमच्या कंपनीने यंदा बाहेरच्या एजन्सीला बोलावून कॅन्सर स्क्रीनिंग केलं, त्याचा हा रिव्ह्यू. एजन्सीचं नाव टाकत नाही, अशी पॅकेजेस विकणारे बरेच आहेत आणि थोड्याफार फरकाने तऱ्हा सगळ्यांची तीच.

सगळ्यात आवडलं ते एचपीव्ही टेस्टचं सेल्फ किट (एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू). बारीक ब्रशसारखी काडी, वॉशरूममध्ये जाऊन आपलं आपण सॅम्पल घ्यायचं, ट्यूबमध्ये टाकून झाकण घट्ट लावायचं, झालं काम. टेबलवर झोपा, कोणीतरी तपासणार, ही भानगडच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं टाळणाऱ्या मैत्रिणींनीपण पटकन करून टाकली. फक्त "दरवर्षी रिपीट करा" हे एजन्सीचं पालुपद ऐकू नका, डब्ल्यूएचओच्या 2021 च्या गाइडलाइनप्रमाणे साधारणपणे 30 नंतर दर 5 ते 10 वर्षांनी केली तरी चालते.

वरच्या लोकांना 'प्रीमियम' पॅकेज होतं, म्हणजे सीए-125, सीईए असल्या ट्यूमर मार्करची, म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या रक्तातल्या घटकांच्या टेस्टची, लांबलचक यादी. आता सीए-125 पाळीच्या दिवसांतपण वाढतं, सीईए सिगारेट ओढणाऱ्यांचं तसंही जास्त निघतं, काही त्रास नसलेल्या माणसाला या टेस्टचा उपयोग नाही, नुसती धाकधूक. एका सिनियरचं जरासं वर आलं तर बिचाऱ्याची झोप उडाली, स्कॅन वगैरे झाले, निघालं काहीच नाही.

आणि हा खर्च करणाऱ्या कंपनीने यादीत घेतले फक्त पर्मनंट लोक! हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, पॅकिंग सगळं कंत्राटी, म्हणून बाहेर. आमच्या मजल्यावरच्या मावशी बॅनर पुसता पुसता म्हणाल्या, "ताई, हे आमच्यासाठी नाही ना?" एजन्सीला विचारलं तर यादी एचआरची, एचआरला विचारलं तर ती माणसं कॉन्ट्रॅक्टरची. तंबाखूवाल्यांचं तोंड तपासायला टॉर्च, ग्लोव्हज आणि शिकलेली नजर एवढंच लागतं, पण ज्यांचं तपासायला हवं ते नेमके गेटवर उभे.

बरं, यादीत नाव आलं तरी पुढे रडगाणं आहेच. बुकिंग ऍपवरून, ते कंपनीच्या ईमेलशिवाय उघडत नाही, मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) व्हॅन फक्त दिवसा, म्हणजे नाइट शिफ्टवाल्यांनी झोप मोडून यायचं. आम्ही मीटिंगमधून उठून जाऊन येतो, लाइनवरच्या बाईचा मात्र अर्धा दिवस खाडा. भरपगारी वेळ दिल्याशिवाय फुकट टेस्टला फुकट कसं म्हणायचं?

फॉलोअपची तर बोंबच. शौचाच्या नमुन्यातलं रक्त बघणारी फिट टेस्ट 45 च्या वरच्यांना दिली हे चांगलं केलं, पण ती पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करावीच लागते आणि ती पॅकेजमध्ये नाही, हातात नुसती पीडीएफ आणि 'कन्सल्ट युअर डॉक्टर'. ज्याच्याकडे डॉक्टर नाही त्याने काय करायचं?

रिपोर्ट मात्र थेट आपल्याच मोबाइलवर येतो, एचआरला फक्त एकूण आकडे जातात, हे लेखी मागून घेतलं. तुमच्याकडे एजन्सी येणार असेल तर हे आधीच विचारा, नाहीतर नोकरीच्या भीतीने अर्धे लोक येतच नाहीत.

पाचपैकी अडीच स्टार. दोन त्या किटचे, अर्धा सिस्टरचा, त्यांनी यादीत नसलेल्या मावशींनापण बसवून किट कसं वापरतात ते नीट समजावलं. किट काही देता आलं नाही त्यांना.