लायनर-टर्निंगच्या गाळ्यातलं काम : जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परच्या वाजणाऱ्या ब्रेकला किती पुरतं?

या गाळ्याला माझे गुण : मागच्या ड्रमसाठी पाचपैकी चार, पुढच्या डिस्कसाठी दोन.

एसटी स्टँडच्या मागे किंवा हायवेच्या कडेला ‘ब्रेक लायनर, ड्रम टर्निंग’ अशी पाटी असलेला गाळा बहुतेक गावांत सापडतो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेला जुना टेंपो ट्रॅव्हलर कॅम्पर (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) करून वापरत असाल, तर ब्रेक वाजायला लागल्यावर गाडी शेवटी तिथेच जाते. ड्रमला आतून दाबणाऱ्या जुन्या शूवर नवं लायनर, म्हणजे घासणारा थर, मारून मिळतं; ड्रम तिथल्याच लेथवर आतून कातून साफ होतो. काम स्वस्त आणि झटपट. पण तिथे आवाज शोधून मिळत नाही, सांगाल तेवढंच करून मिळतं. म्हणून निदान घरून करून जायचं.

गाडी महिनाभर उभी होती आणि सकाळचे पहिले चार-पाच ब्रेक खरखरले, तर तो गंज आहे. आपोआप जातो, कुणाला पैसे देऊ नका. हलक्या पायाने ब्रेक लावताना बारीक किंचाळणं म्हणजे डिस्कला चिमटणारं पॅड किंवा लायनर चकाकलं, म्हणजे तापून काचेसारखं गुळगुळीत झालं आहे, नाहीतर पॅडमागची शिम (पातळ पत्रा) किंवा क्लिप गायब आहे. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर गाडी तिथेच थांबवा. पायाखाली पेडल थरथरत असेल तर डिस्कची जाडी असमान झाली आहे किंवा ड्रमचा गोलपणा बिघडला आहे. ब्रेक न लावता येणारी घरघर वळणावर कमी-जास्त होत असेल, तर दोष बहुधा बेअरिंगचा. लायनर बदलून ती जाणार नाही.

एक चाक जास्त तापतंय? गाडी सपाट जागी घ्या, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा, जॅकखेरीज स्टँडही द्या आणि चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्लीडर निपल (चाकाजवळचा, ब्रेक ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) थोडं सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकून राहतोय : रबरी होज आतून फुगला आहे किंवा मास्टर सिलिंडर (पेडलने दाब तयार करणारा) दाब सोडत नाही. तरीही जडच राहिलं तर पॅड दाबणारा पिस्टन, ब्रेक ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन किंवा हातब्रेकची केबल जाम आहे. कॅम्परमध्ये हे सर्रास होतं, कारण पावसाळाभर हातब्रेक ओढून गाडी उभी असते. गिअरमध्ये टाकून चाकाला ठोकळे लावा, हातब्रेक मोकळा ठेवा.

आता गाळ्यातलं काम. ड्रम काढला की आधी व्हील सिलिंडरचं (शू बाहेर ढकलणारा) रबरी टोपण उचलून पाहायचं. आत ओल असेल तर सिलिंडर बदला. लायनर ऑइल प्यायलं असेल तर पेट्रोलने धुऊन परत बसवणं म्हणजे निव्वळ फसवणूक. गिअर ऑइलचा वास आला तर ॲक्सलचं सील गेलंय, ते आधी. आतली धूळ हवेने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

ड्रमवर कमाल व्यास कोरलेला किंवा ओतलेला असतो. टर्निंगनंतर त्यापुढे गेला तर ड्रम भंगारात. दोन्ही बाजूंचा व्यास सारखा हवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. घाईत लेथची फीड (एका फेऱ्यात हत्यार पुढे सरकतं ते अंतर) मोठी ठेवली की आत स्क्रूच्या आट्यांसारखी रेष उमटते. शू त्या रेषेवर चढत सरकतो आणि झटक्यात परत येतो. नव्या कामानंतर ऐकू येणारी ‘टक्-टक्’ हीच. शेवटचा हात बारीक फीडने मारून घ्या आणि पॉलिश पेपर आडवा फिरवून घ्या.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे लायनरची गोलाई ड्रमशी जुळवणं. ड्रमचा व्यास वाढला की जुन्या मापाचं लायनर नीट बसत नाही. शूवर खडू घासून तो ड्रममध्ये फिरवा. खडू मधोमध पुसला गेला तर चालेल, फक्त टोकांना पुसला गेला तर ब्रेक ओरडणारच; लायनर ग्राइंड करून घ्या. टोकं थोडी तिरकी घासून घ्यावीत. रिव्हेट मधून सुरू करून टोकांकडे मारतात; उलट मारले तर लायनर मधे उचललेलं राहतं. बॅकप्लेटवर (शूमागचा स्थिर पत्रा) शू टेकतो त्या जागांना उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस, तेही चिमटीभर. चाकाचं साधं ग्रीस तिथे वितळून लायनरवर येतं.

डिस्कला मात्र हा गाळा नको. किमान जाडी डिस्कच्या कडेवर असते, आणि जुनी डिस्क बहुतेक वेळा तिच्या जवळ आलेली असते. टर्निंगचा खर्च नव्या डिस्कमध्ये घाला. पॅड साधारण 3 मिमीवर आले की बदला, स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीसच लावा. खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगतं.

कॅम्परचा आणखी एक खास रोग. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, फर्निचर यांनी मागचा भाग खाली बसतो, म्हणून कमानीत (मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक पाटा वाढवतात. मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह गाडीला असेल, तर उचललेली गाडी त्याला रिकामी वाटते. मागे दाब कमी जातो, पुढचे पॅड एकटे राबतात, घाटात चकाकतात आणि वाजतात. चार वेळा पॅड बदलून उपयोग नाही, व्हॉल्व्हचं सेटिंग नव्या उंचीला जुळवून घ्या. हे काम लायनरवाल्याचं नाही, कंपनीच्या वर्कशॉपचं.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 10 किमीपर्यंत दहाएक वेळा मध्यम दाबाने वेग उतरवा, मधे अर्धा मिनिट थंड होऊ द्या. ब्रेक गरम असताना पेडल दाबून उभं राहू नका. ताम्हिणी किंवा आंबोली त्यानंतर, आणि उतारावर खालच्या गिअरमध्येच.