मार दाखवायचा की ऐकवायचा?

घरातल्या मारहाणीवर शॉर्ट थ्रिलर करायला घेतली की पटकथेतच हा पेच येतो. उगारलेला हात कॅमेऱ्यासमोर घ्यायचा, की दाराआड ठेवून नुसता आवाज द्यायचा? मी एकेका फिल्ममध्ये दोन्ही करून पाहिलंय.

दाखवण्याची बाजू लंगडी नाही. कोणी कोणाला मारलं याची शंका उरत नाही. शिवाय मार बसल्यावर, रडू येण्याआधी, चेहऱ्यावर जो अविश्वास उमटतो तो आवाजातून मिळत नाही. चांगली अभिनेत्री असेल तर हा मोह सुटत नाही, मलाही सुटला नव्हता.

पण पडद्यावरची थप्पड खोटी असते. कॅमेरा खांद्यामागे, हात गालापासून वीतभर लांबून जातो, मान त्याच क्षणी फिरवायची आणि 'फट्' एडिटला जोडायचा. सेकंदाला 24 फ्रेम. दोन-तीन चुकल्या तरी बनाव उघडा पडतो. आमचे 19 टेक झाले, तिची मान आखडली, गालावरचा लाल वळ दर अँगलला नव्याने जुळवावा लागला. आणि पहिल्या खेळानंतर चौघांनी विचारलं काय, तर "खरंच मारलं का हो?" त्या बाईचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. ते मला फार लागलं. लोकांनी मार पाहिला होता, बाई पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या वेळी कॅमेरा शेजारच्या खोलीत बुटाची नाडी बांधणाऱ्या मुलावर ठेवला. भिंतीपलीकडे खुर्ची सरकते, एक आवाज, मग काहीच नाही. मुलगा थांबतो, नाडी सोडतो, पुन्हा बांधतो. दिग्दर्शक फ्रिट्झ लांगने 1931 सालीच 'एम' या जर्मन चित्रपटात मुलीचा खून न दाखवता घरंगळणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा दाखवला होता. वाट जुनीच आहे.

ही वाट सोपी मात्र नाही. सेटवरचा आवाज आमच्या कामी आला नाही, सगळं फोलीत, म्हणजे स्टुडिओत वस्तू हाताळून आवाज नव्याने रेकॉर्ड करतात तिथे, पुन्हा केलं. त्या खोलीची शांतताही अर्धा मिनिट वेगळी रेकॉर्ड करून ठेवा. नाहीतर 'काहीच नाही' ऐवजी साउंड गेल्यासारखं वाटतं. खेळ संपल्यावर एक बाई बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "तो मुलगा शाळेत कोणाला सांगेल का?"

तुमच्या कथेची गाठच 'कोणी मारलं' यावर असेल, तर कदाचित दाखवावं लागेल. तेव्हा एकदाच दाखवा, लांबून, न कापता.